मीठ, पाणी आणि प्लॅटिनम

प्लॅटिनमचा दागिना वर्षानुवर्षें ठेवला तरी त्याला गंज चढत नाहीं. साध्या आम्लाचाही त्यावर परिणाम होत नाहीं. अशा निर्विकार धातूपासून कर्करोगावरील प्रभावी औषध तयार होतें, हें ऐकून कोणासही नवल वाटेल. त्याहून नवल हें कीं, त्या औषधाचें सामर्थ्य जागें होणें वा निद्रित राहणें हें मिठासारख्या नित्याच्या पदार्थावर अवलंबून असतें.

या औषधाचें नांव सिसप्लॅटिन. त्याच्या रेणूची रचना सोपी आहे. मध्यभागीं प्लॅटिनमचा एक अणु, आणि भोंवतीं चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, एका बाजूस अमोनियाचे दोन रेणु व दुसऱ्या बाजूस दोन क्लोराइड. इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यानें १८४४-४५ च्या सुमारास हें संयुग तयार केलें. परंतु त्याचा औषधी गुण उजेडांत येण्यास सुमारें सव्वाशें वर्षें लागलीं. अमेरिकेंत मिशिगन स्टेट विद्यापीठांत बार्नेट रोझेनबर्ग विजेचा सूक्ष्म जंतूंवर काय परिणाम होतो तें पाहत असतां, जंतु वाढून तंतूंसारखे लांबलचक झाले. मात्र त्यांचें विभाजन थांबलें. हें कार्य विजेचें नसून, प्लॅटिनमच्या विद्युदग्रांतून द्रवांत उतरलेल्या संयुगांचें होतें, असें पुढें सिद्ध झालें. या प्रयोगांचा वृत्तांत १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. जंतूंचें विभाजन थांबतें, तर अनिर्बंध वाढणाऱ्या कर्कपेशींचें कां थांबूं नये? १९६९ सालीं उंदरांवरील यशस्वी प्रयोग प्रसिद्ध झाले आणि १९७८ सालीं अमेरिकेंत औषधास मान्यता मिळाली. वृषणाचा कर्करोग शरीरांत पसरल्यावरही, इतर औषधांच्या जोडीनें त्यानें बहुसंख्य रोगी बरे केले.

आतां पाण्याचें कार्य पाहावें. औषध शिरेवाटे रक्तांत जातें. रक्तद्रवांत एका लिटरास सुमारें १०० मिलीमोल क्लोराइड असतें. एवढ्या गर्दींत रेणूवरील एक क्लोराइड सुटलें, तरी दुसरें त्याची जागा घेतें, आणि बहुतांश औषध जसेंच्या तसें राहतें. पेशीच्या आंत मात्र हें प्रमाण पुष्कळच कमी असतें. तेथें सुटलेल्या क्लोराइडच्या जागीं पाण्याचा रेणु येऊन बसतो. त्याची पकड सैल असते. शिवाय औषधाच्या रेणूवर आतां धन विद्युद्भार आलेला असतो, म्हणून तो ऋणभारित डीएनएकडे ओढला जातो. डीएनएमधील ग्वानिन नामक घटकाचा नायट्रोजन पाण्यास बाजूस सारून त्याची जागा घेतो. दुसरें क्लोराइडही याच मार्गानें गेलें, म्हणजे शेजारच्या ग्वानिनशींही बंध जुळतो. डीएनएची साखळी तेथें वांकते, तिची नक्कल होईनाशी होते, आणि पेशी मरते. ट्रान्सप्लॅटिन या भावंडांत दोन क्लोराइड समोरासमोरच्या कोपऱ्यांवर असल्यानें त्याला असा शेजारचा बंध साधत नाहीं, आणि तें औषध म्हणून निरुपयोगी ठरलें.

हें ज्ञान रोग्याच्या खाटेशीं प्रत्यक्ष उपयोगी पडतें. सिसप्लॅटिन निव्वळ पाण्यांत मिसळलें, तर बाटलींतच क्लोराइड सुटूं लागतें; म्हणून तें ०.९ टक्के मिठाच्या द्रावणांत देतात. त्यापासून मूत्रपिंडांस इजा होण्याची भीति असते, यास्तव रोग्याच्या शिरेंतून असें द्रावण भरपूर सोडतात. कार्बोप्लॅटिन या नंतरच्या औषधांत क्लोराइडच्या ऐवजीं दोन नख्यांनीं धरून बसणारा एक गट असतो. पाणी त्यास फार सावकाश हलवितें. त्यामुळें मूत्रपिंडांस त्रास कमी, पण अस्थिमज्जेवर भार अधिक. ऑक्झॅलिप्लॅटिनची तऱ्हा उलटी आहे. मिठाचें क्लोराइड त्याच्या ऑक्झॅलेटला हुसकावून लावतें. म्हणून तें ५ टक्के ग्लुकोजच्या द्रावणांत द्यावें लागतें.

तिन्ही औषधें एकाच धातूचीं. परंतु जें द्रावण एकास राखतें, तेंच दुसऱ्यास बिघडवितें. औषध कोणतें द्यावें हें वैद्य ठरवितो. तें कोणत्या द्रावणांतून द्यावें हें चुकलें, तर रोग्याच्या शिरेंत जातें तें औषध तेंच राहत नाहीं.