छर्रा आणि डोळा

जत्रेत फुगे फोडणारी बंदूक पाहून एअरगन म्हणजे खेळणेच, असा समज घराघरांत रुजला आहे. बागेतील माकडे हुसकावण्यासाठी आणलेली बंदूक कोपऱ्यात उभी असते आणि सुटीत सहजच मुलांच्या हाती पडते. परंतु तिच्या नळीतून सुटणारा 4.5 मिलिमीटरचा धातूचा छर्रा सेकंदाला 100 मीटरहून अधिक वेगाने धावू शकतो. माणसाच्या डोळ्याचा व्यास जेमतेम 24 मिलिमीटर! भिंतीवर आपटून उलटलेला छर्राही त्याला इजा करू शकतो.

कधी छर्रा नुसता आदळतो. बाहेर जखम नसते, पण आत रक्तस्राव होतो, भिंग सरकते, नेत्रपटल फाटते. कधी तो डोळा भेदून आत शिरतो. बाहेरची जखम तिळाएवढी दिसते. शिवाय रागावतील या भीतीने मूल ‘काठी लागली’ असे सांगते. या लपवाछपवीत उपचाराचे मोलाचे तास निघून जातात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

म्हणून अशा वेळी आधी धीर द्यावा, मग खरे काय घडले ते विचारावे. डोळा चोळू नये, दाबू नये, धुऊ नये. त्यात औषधाचे थेंब अथवा घरगुती काही घालू नये. स्वच्छ कागदी पेल्याचा बूड डोळ्याला न टेकवता वरून झाकण म्हणून लावावा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने काही खाऊपिऊ न घालता थेट नेत्रशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

तेथे सीटी स्कॅनने छर्ऱ्याची जागा कळते. छर्रा पोलादी असल्यास चुंबकाने हलू शकतो, म्हणून एमआरआय टाळतात. प्रथम केसाहून बारीक धाग्याने जखम शिवली जाते. पुढे गरजेनुसार डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून छर्रा बाहेर घेतात आणि सुटलेले नेत्रपटल वायू किंवा सिलिकॉन तेलाच्या आधाराने बसवतात. 1970 मध्ये मायामीत डॉ. रॉबर्ट मॅकेमर यांनी रूढ केलेल्या या शस्त्रक्रियेमुळे पूर्वी गमावलेच असते असे अनेक डोळे वाचतात. मात्र डोळा वाचणे म्हणजे दृष्टी वाचणे नव्हे. नेत्रपटलाचा मध्यबिंदू किंवा दृष्टीची नस दुखावली, तर निष्णात हातही ती परत देऊ शकत नाहीत.

घरात एअरगन असेलच, तर ती रिकामी करून कुलपात ठेवावी, छर्रे वेगळ्या जागी ठेवावेत. नेमबाजी शिकणाऱ्याने पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा लावावा. आणि मुलांना एक विश्वास द्यावा : चूक झाली तरी घरी खरे सांगता येते. त्या विश्वासावर एखाद्याची दृष्टी अवलंबून असू शकते.