पिंपळी, खार आणि मीठ

चरकसंहितेची आठ स्थानं आणि १२० अध्याय. त्यातल्या विमानस्थानाचा उडणाऱ्या विमानाशी काही संबंध नाही. इथे विमान म्हणजे विशेष मान, मोजमाप. या स्थानाच्या पहिल्याच अध्यायात तीन द्रव्यांची नावं घेऊन बजावलं आहे की ही अति वापरू नयेत : पिंपळी, क्षार आणि लवण. विषारी वनस्पती नाही, मद्य नाही. घराघरातल्या डब्यांत सापडतील असे तीन पदार्थ.

हे वाचताना माझ्यासमोर आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा आला. सातपुड्याच्या पायथ्याला पिंपळी, लोणारच्या विवरात खार आणि दोन्हींच्या मधे, पूर्णेच्या खोऱ्यात, विहिरीविहिरीतून मीठ. योगायोग आहे, मान्य. पण आयुर्वेदाची ओळख करून घ्यायला मला तो वात-पित्त-कफाच्या तक्त्यापेक्षा बरा वाटतो.

आधी पिंपळी. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली उत्तरेला सातपुड्याला टेकून जो पट्टा आहे, अंजनगाव सुर्जीपासून अकोट, तेल्हारा करत जळगाव जामोदकडे येणारा, तो बारी समाजाच्या पानमळ्यांचा. विड्याच्या पानाचं आणि पिंपळीचं कूळ एकच, दोन्ही वेली, दोघींना सावली, ओल आणि चढायला आधार लागतो. म्हणून इकडे तिला पानपिंपरीच म्हणतात. पांगारा, शेवरी अशा झाडांवर वेल चढवायचा आणि लेकरासारखा जपायचा. फळं हिरवी-काळी झाली की हाताने तोडून वाळवायची. एका उन्हाच्या झळीने किंवा साचलेल्या पाण्याने मळा बसतो, त्यामुळे हे पीक पिढीजात हातांपुरतंच राहिलं आहे.

या वाळक्या शेंगेवाचून वैद्याचं पान हलत नाही. सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटू. सितोपलादी चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. दर पायरीला निम्मं. पिंपळीतलं पाइपरिन इतर औषधं शरीरात शोषली जायला मदत करतं. जम्मूच्या प्रयोगशाळेत यावर काम झालं आणि २००९ मध्ये क्षयावरची एक गोळी बाजारात आली, जिच्यात पाइपरिनच्या जोडीने रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरतं. इतकी गुणी वस्तू, मग चरकाची हरकत कशाला? त्याचं म्हणणं असं, की पिंपळी लगेच गुण देते, पण सतत खाल्ली तर दोष साठवत जाते. रसायन म्हणून, ठरल्या मात्रेत, ठरल्या दिवसांपुरती घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. चांगली वस्तू किती दिवस चांगली राहते, हा त्याचा प्रश्न आहे. ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ असं छापणाऱ्या डबीवाल्यांनी हा अध्याय वाचलेला दिसत नाही.

आता घाटावर येऊ. लोणारला अशनी आदळून बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं. त्यातलं पाणी नुसतं खारट नाही, साबणासारखं बुळबुळीत, अल्कधर्मी आहे. सामू दहाच्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा साऱ्या देशाने फोटो पाहिले; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं. पण लोणारची जुनी ख्याती फोटोंची नव्हे, खाराची. ऐन-ए-अकबरीत इथे काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. पाणी आटलं की काठावर जमणाऱ्या खारांना वेगवेगळी नावं होती : दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. बर्फाची अनेक नावं असणाऱ्या लोकांचं कौतुक आपण ऐकतो. खाराची इतकी नावं असणारं गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. दैत्यसूदनाने लवणासुराला मारल्याची कथाही इथलीच.

आयुर्वेदातला क्षार बहुधा झाडं जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून काढलेला. आघाड्याचा क्षार, जवाचा यवक्षार. सुश्रुताने शस्त्राच्या बरोबरीने क्षाराला मान दिला. त्याचा जिवंत पुरावा म्हणजे क्षारसूत्र : दोऱ्याला निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळदीची पुटं चढवून तो भगंदराच्या नळीत ओवायचा आणि ठरल्या दिवसांनी बदलायचा. गेल्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर तिची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. दोऱ्याने बरं व्हायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात रोग उलटण्याचं प्रमाण दोऱ्याने ४ टक्के, शस्त्रक्रियेने ११. आयुर्वेदाच्या बाजूने बोलायचं तर असं बोलावं, उशिराचा तोटाही सांगून.

आणि खाण्यातला खार? आमच्या घरी उडदाच्या पापडाचं पीठ भिजायचं तेव्हा आजी पापडखाराचा डबा स्वतःजवळ ठेवायची. सुनांना हात लावू देत नसे. ‘नोको टाकू वं जास्त, पापड लाल पडतात.’ चरकाने खाराच्या अतिरेकाची यादी दिली आहे, तिच्यात दृष्टी जाणं, पुरुषत्व जाणं, केस पिकणं आणि टक्कल पडणं आहे. आजीची यादी लाल पापडापाशी थांबायची, पण मोजमाप तेच.

टक्कल म्हटलं की बुलढाण्याचा माणूस आता दचकतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डोकी खाजू लागली, केस नुसते ओढले तरी हातात येऊ लागले आणि तीन दिवसांत टक्कल. ही गावं खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. काळी माती वरून सोन्यासारखी, पण विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही आणि माणसाला नाइलाजाने चालतं. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. वान धरणातून १४० गावांना पाणी देणारी योजना निघाली ती याच पायी. इकडे ‘गोडं पाणी’ म्हणजे साखरेचं नव्हे, नुसतं पिण्याजोगं.

तेव्हा केसगळतीत पहिला संशय पाण्यावर गेला. चरक माहीत असलेल्याला तर मोह आवरणं कठीण. लवण अति खाणाऱ्यांना अकाली टक्कल पडतं, सुरकुत्या येतात, असं विमानस्थानाच्या त्याच पहिल्या अध्यायात आहे. तेही एकेका रोग्याबद्दल नव्हे, अति मीठ अंगवळणी पडलेल्या प्रदेशांची नावं घेऊन. ‘चरकाने शेगाव दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं’ असा मथळा मीही मनात करून पाहिला. तो खोटा ठरला असता. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावांत फिरले, नमुने घेतले आणि त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. पाणी कितीही खारं असो, तीन दिवसांत गावंच्या गावं टकली करत नाही. तसं असतं तर आमचे आजे-पणजे सगळे टकलेच असते.

मात्र त्याच अध्यायात आहाराच्या आठ कसोट्या आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काळ, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. इथली प्रकृती माणसाची नव्हे, पदार्थाची. राशी म्हणजे प्रमाण. देश म्हणजे ते द्रव्य कुठे उपजलं आणि कुठून कुठे गेलं. खाणारा माणूस, उपयोक्ता, शेवटी आठवा. चरकाला सेलेनियम माहीत असायचं कारण नाही, पण दूरच्या मातीत पिकून शेगावच्या रेशन दुकानात आलेल्या गव्हाला काय विचारायचं, ते पाचव्या कसोटीत होतं.

आज आपण यादी उलटी वाचतो, आठव्यापासून सुरू करतो आणि तिथेच थांबतो. केंद्रातलं आयुष खातं जून २०२४ पासून बुलढाण्याचेच खासदार प्रतापराव जाधव यांच्याकडे, स्वतंत्र कार्यभारासह आहे. जिल्ह्याला याचा अभिमान आहे, मलाही. त्यांच्या खात्याने २६ नोव्हेंबर २०२४ पासून महिनाभर देशभर प्रकृती परीक्षण मोहीम चालवली. मोबाइलवरच्या ॲपने एक कोटीहून अधिक लोकांना तुम्ही वातप्रकृतीचे की पित्ताचे ते सांगितलं. मोहीम संपता संपता घाटाखाली केस गळू लागले.  

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायाचं नाव जनपदोद्ध्वंसनीय. शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो : माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच रोगाने सारं जनपद कसं उद्ध्वस्त होतं? आत्रेय उत्तर देतात की चार गोष्टी सगळ्यांच्या सामायिक असतात, वारा, पाणी, भूमी आणि काळ. त्या बिघडल्या की प्रकृती कामी येत नाही. त्या का बिघडतात, याची मुळं शोधताना ते राज्यकर्त्यांच्या अधर्मापर्यंत जातात. वैद्यकाच्या ग्रंथात हे लिहायला छाती लागते.

दिवाळीच्या सुटीत घाटाखाली नातेवाइकांकडे जाणारे आमचे लोक फराळाच्या डब्यासोबत अजून पाण्याची कॅन गाडीत ठेवतात. दारात उतरलं की घरची बाई आधी डबा नाही, कॅन घेते.