सिपना, बोरी, पूर्णा : नाव आधी कोणाचं?

धारणीहून हरिसाल, सेमाडोहच्या वाटेला लागलं की सिपना नदी पुन्हा पुन्हा भेटत राहते. कधी पुलाखालून, कधी झाडांच्या फटीतून. तिचं नाव मराठी कानाला परकं वाटतं, कारण ते मराठी नाहीच. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. ज्या दऱ्यांतून ही नदी तापीकडे उतरते, तिथलं सागाचं रान पाहिलं की नाव ठेवणाऱ्याला फार विचार करावा लागला नसेल, हे पटतं.

मेळघाटातल्या पाच नद्या इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात: खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार. पाचही तापीला मिळतात. धारणी तालुक्यात गडगा भांडुम आणि गडगा मालूर अशी गावं आहेत. इथे नदीचं नाव गावाच्या पुढे येऊन बसलं आहे. उलट, एखाद्या गावाशेजारच्या लहान ओढ्याचं नाव विचारा, उत्तर बहुतेक वेळा त्या गावाच्याच नावाने येतं: अमक्या गावचा नाला. म्हणजे नाव कधी नदीकडून गावाकडे जातं, कधी गावाकडून पाण्याकडे. ते कोणत्या दिशेने जाणार, हे ठरतं कशावर?

माझ्या मते याचं बरंचसं उत्तर भूगोलातल्या एका साध्या मोजणीत आहे. 1945 साली अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी प्रवाहांची श्रेणी लावण्याची पद्धत मांडली, आणि पुढे आर्थर स्ट्रालर यांनी ती सुधारली. ज्याला दुसरा कोणताही ओढा येऊन मिळत नाही, तो पहिल्या श्रेणीचा प्रवाह. असे दोन मिळाले की दुसरी श्रेणी, दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसरी. असं मोजत वर गेलं की प्रत्येक श्रेणीतले प्रवाह खालच्या श्रेणीपेक्षा साधारण तीन ते पाच पटींनी कमी होत जातात. एका मोठ्या नदीमागे शेकडो बिननावाचे, किंवा फक्त शेजारच्या वाडीलाच ठाऊक असलेले ओढे असतात.

लहान ओढा एकाच गावाच्या शिवारात उगम पावतो आणि तिथेच मोठ्या प्रवाहात संपतो. त्याला ओळखणारं गाव एकच, म्हणून त्याला गावाचं नाव चिकटतं. मोठी नदी शंभर गावांतून वाहते. कोणा एका गावाचं नाव तिला द्यायला उरलेली नव्व्याण्णव तयार होणार नाहीत. तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी सारखं असावं लागतं, आणि म्हणून ते सहजी बदलत नाही. राजा बदलला की शहराचं नाव बदलतं, नदीचं क्वचितच. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या अनेक नद्या आहेत. जुन्या केल्टिक भाषेत या शब्दाचा अर्थच नदी. ती भाषा तिथून केव्हाच मागे हटली, पण शब्द पाण्यावर राहिला.

नदीचं नाव शहराने घ्यावं, हा प्रकार रोमानियात नकाशाभर दिसतो. बुझऊ नदीवर बुझऊ शहर, सुचावा नदीवर सुचावा, बिस्त्रित्सा नदीवर बिस्त्रित्सा. यातलं बिस्त्रित्सा मूळ स्लाव भाषेतलं, अर्थ वेगाने वाहणारी. म्हणूनच त्या देशात बिस्त्रित्सा एक नाही. पूर्वेला कार्पेथियन डोंगरातून सिरेत नदीकडे जाणारी मोठी बिस्त्रित्सा वेगळी आणि त्या शहराजवळची वेगळी. खळाळत उतरणारं पाणी पाहून वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या माणसांना एकच शब्द सुचला.

आपल्याकडे बोरीचं तसंच झालं. खानदेशात अमळनेर बोरी नदीवर आहे आणि नळदुर्गाच्या किल्ल्याला वळसा घालणारी नदीही बोरीच. एक तापीला मिळते, दुसरी भीमेच्या खोऱ्यात. बोरी नावाची गावं तर महाराष्ट्रात मोजून संपणार नाहीत. बोराटीची झाडं जिथे, तिथे बोरी. मेळघाटच्या जंगलातही एक बोरी होतं. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

पण नावं झाडांपासून सुचतात तशी माणसांबरोबर प्रवासही करतात. चिखलदऱ्याच्या बाजूने उतरून दर्यापूरजवळून जाणारी आणि पूर्णेला मिळणारी नदी चंद्रभागा म्हणवते. पंढरपुरात भीमेला चंद्रभागा म्हणतात. आणि हिमालयातल्या चिनाबचं जुनं नावही चंद्रभागाच, कारण लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळून ती होते. तिथे हे नाव भूगोलाचं वर्णन आहे, आपल्याकडे ते श्रद्धेचं आहे. आपल्या दारची नदी पुण्यवान असावी, या ओढीने माणसं नावं दूरवर वाहून नेतात.

वऱ्हाडाला सगळ्यात जवळची गोष्ट पूर्णेची. आपली पूर्णा बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाण्याचा खारपाणपट्टा ओलांडते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. दुसरी पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवून परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. तिसरी गुजरातेत नवसारीजवळ थेट अरबी समुद्राला. पहिल्या दोघींचं पाणी तर विरुद्ध समुद्रांना जातं: एकीचं अरबी समुद्राला, दुसरीचं बंगालच्या उपसागराला. आणि बुलढाणा जिल्ह्यात या दोन्ही आहेत, उत्तरेला एक, दक्षिणेला एक. गोंधळ व्हायलाच हवा होता, पण लोकांनी तो केव्हाच सोडवला. दक्षिणेच्या पूर्णेला ते खडकपूर्णा म्हणतात. वाशिमकडून अकोला जिल्ह्यात येऊन पूर्णेला मिळणारी काटेपूर्णा. एका शब्दाची भर घालून तीन नद्या वेगळ्या केल्या, हे काम कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा कमी मोलाचं नाही.

काटेपूर्णा नावाचं रेल्वे स्टेशनही आहे, बडनेरा ते अकोला या मार्गावर. इथे नावाची दिशा स्पष्ट दिसते. रूळ जिथे नदी ओलांडतात, त्याच्या आसपास स्टेशन उभं राहिलं आणि नदीचं नाव पाटीवर गेलं. पुरंदर तालुक्यातलं नीरा, नागपूरजवळचं कन्हान, परभणी जिल्ह्यातलं पूर्णा जंक्शन, सगळी याच घरातली. वर्धा शहराचीही हीच कथा: 1866 साली पालकवाडीच्या जागी वसवलेल्या शहराला नदीचं नाव मिळालं. तापीने तर उगमालाच नाव दिलं. मुलताई म्हणजे मूळ तापी.

सारख्या नावांचा सगळ्यात मोठा ताप टपाल खात्याला. त्यावर उपाय काढला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. ते संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. 15 ऑगस्ट 1972 ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला, तो एकाच नावाची गावं, चुकीचे पत्ते आणि अनेक भाषा या तिन्हींवर तोड म्हणून. पाण्याच्या बाबतीतही तोच मार्ग निघाला आहे. रोमानियात प्रवाहांना जल-अभिलेखात क्रमांक दिलेले आहेत. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे 1,500 हून अधिक पाणलोट क्रमांकाने नोंदवले आहेत. विहिरीची पातळी मोजायला, बंधाऱ्याची जागा ठरवायला असा क्रमांक हवाच. सिपना मेळघाटातून तापीला जाते आणि परतवाड्याची सापन दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात. रोमन अक्षरांत ही दोन नावं फार जवळची दिसतात. अशा वेळी आकडा चूक टाळतो.

पण आकड्यात साग नसतो. सिपना हा शब्द ऐकून कोरकू माणसाला जे झाड दिसतं, ते क्रमांकात येत नाही. कोरकू ही मुंडा कुळातली सगळ्यात पश्चिमेची भाषा. संथाळी आणि मुंडारी तिच्या बहिणी, पण त्या राहतात पार झारखंडाकडे. पाण्याला कोरकूत डा म्हणतात, संथाळीत दाक्. इतकं अंतर पडूनही पाण्याचा शब्द दोघींनी सोडला नाही.

आता बोरी. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली बोरी, कोहा आणि कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला जंगलाबाहेर अकोट तालुक्यात हलवली गेली. नंतर केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड यांचीही पाळी आली. कुंड, केलपाणी: नावातच पाणी असलेली गावं पाणी मागे ठेवून निघाली. सिपना, खापरा यांच्या नावांना धोका नाही, त्या मोठ्या आहेत आणि नकाशावर आहेत. धोका पहिल्या श्रेणीच्या ओढ्यांना आहे. त्यांची नावं गावाच्या तोंडीच होती: कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यातही झिरपा राहतो, कोणत्या डोहात मासे, कोणत्या वळणावर जांभळं. हे ओढे आजही वाहतात. त्यांना नावाने हाक मारणारी माणसं सपाटीवर राहतात, आणि पहिल्या पुनर्वसनाच्या वेळी जे चाळिशीत होते ते आता साठी ओलांडून गेले आहेत.