दत्तक मूल, आपले मूल

मूल नाही म्हणून उदास झालेली घरे प्रत्येक गावात असतात. आणि आईबाप नाहीत म्हणून संस्थेत वाढणारी मुलेही असतात. या दोघांची गाठ पडली, तर दोघांचेही भले होते. पण ही गाठ नीट बांधावी लागते.

गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी जोडपे आमच्याकडे आले. लग्नाला बारा वर्षे झालेली. बाई म्हणाली, "गुरुजी, ओळखीची एक बाई पोरगी देतो म्हणते. चाळीस हजार द्या म्हणते. कागद-बिगद काही लागत नाही म्हणते. घ्यावं का जी?"

आम्ही म्हणालो, "मुळीच घेऊ नका. मूल म्हणजे बाजारातला माल नव्हे."

असे का म्हणालो, ते सांगतो. अनाथ, टाकलेले किंवा आईबापांनी सोपवलेले मूल परस्पर देणे-घेणे हा गुन्हा आहे. 2015 च्या कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. शिवाय ते मूल कोणाचे, हे आपल्याला कसे कळणार? उद्या खरी आई दारात आली तर? लावलेला जीव तुटतो, आणि मुलाचे हाल होतात.

मग सरळ वाट कोणती? ती अवघड नाही. दिल्लीला केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण नावाचे सरकारी कार्यालय आहे. त्याच्या संकेतस्थळावर नवरा-बायकोने आपले नाव नोंदवावे. हे काम आपल्याला जमत नसेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. तेथे मदत मिळते. जात किंवा धर्म कोणताही असो, ही वाट सर्वांना खुली आहे. एकटी बाईही मूल घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी मिळत नाही.

नाव नोंदले की समाजसेवक घरी येतो. घर, कमाई, तब्येत, घरातली माणसे पाहतो. त्याला भिऊ नये. तो चुका काढायला येत नाही. मूल या घरात सुखी राहील का, एवढेच तो पाहतो. मनातली शंका त्यालाच विचारावी. "सासूबाई मानतील का? आम्हाला जमेल का?" असे विचारण्यात लाज कसली?

वयाचाही नियम आहे. दोन वर्षांच्या आतले बाळ हवे असेल, तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या वर नसावी. लहान बाळासाठी वाट पाहणारे पुष्कळ असतात. म्हणून काही वर्षे थांबावे लागते. थोडे मोठे मूल घ्यायची तयारी असेल, तर वाट लवकर संपते. खर्चाची रक्कम सरकारने ठरवली आहे. ती भरून पावती घ्यावी. त्यावर कोणी पैसा मागितला, तर देऊ नये.

शेवटी जिल्हाधिकारी हुकूम देतात. पूर्वी हे काम न्यायालयाकडे होते. सप्टेंबर 2022 पासून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. हुकूम झाला की ते मूल सर्व हक्कांनी आपले. पुढे दोन वर्षे समाजसेवक दर सहा महिन्यांनी येऊन विचारपूस करतो. तोही आपला आधारच.

आता आपल्या वर्ध्याचीच एक गोष्ट ऐका. शेठ जमनालाल बजाज यांचा जन्म 1889 साली राजस्थानात सीकरजवळच्या एका खेड्यात झाला. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. सतराव्या वर्षी दागिन्यांवरून वाद झाला. आजोबा रागाच्या भरात पैशावरून लागेल असे बोलले. जमनालालजींनी चिठ्ठी लिहिली, तुमच्या संपत्तीतले मला काही नको, आणि घर सोडले. आजोबांना पस्तावा झाला. त्यांनी समजूत घालून नातवाला परत आणले. पुढे 1920 साली नागपूरला याच जमनालालजींनी गांधीजींना विनंती केली, मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींनी तसे मानले.

केवढे मोठे घर! तरी एक शब्द मुलाला घराबाहेर काढायला पुरला. म्हणून दत्तक मुलाला कधी टोचून बोलू नये. "तुला आणलं म्हणून" हे शब्द घरात उच्चारूच नयेत.

मात्र खरी गोष्ट लपवूही नये, बरं का. आमच्या शाळेत एक मुलगा होता. शेजाऱ्यांच्या भांडणात त्याला कळले की आपण दत्तक आहोत. आठ दिवस तो जेवला नाही. म्हणे, "दत्तक घेतलं त्याचं काही नाही. मला खोटं का सांगितलं?" तेव्हा मूल लहान असतानाच गोष्टीसारखे सांगावे: "आम्ही तुझी फार वाट पाहिली, मग तू आलास." ज्यांनी दत्तक घेतले आहे, अशा घरी जाऊन हे कसे सांगावे ते विचारावे. अनुभवी माणसांचा सल्ला मोठा असतो.

त्या जोडप्याने नाव नोंदवले आहे. समाजसेविका घर पाहून गेली. "पोरगी कोनाची, कोन्या जातीची?" म्हणून आधी कुरकुरणारी सासू आता जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते आहे. वाट पाहणे चालू आहे. पण कोणाची भीती नाही.

आपल्या गावात असे जोडपे असेल, तर त्यांना हा धडा वाचून दाखवा.