अर्धी शिक्षा

न्यायासनासमोर : भाग ५

मागच्या आठवड्यात नाबोथाचा द्राक्षमळा पाहिला. तिथे राणीने खोटे साक्षीदार उभे केले आणि गावाने निर्दोष माणसाला दगडांनी मारलं. येशूचा खटला चालवणारा रोमन सुभेदार पिलात मात्र कुणाच्या साक्षीला फसला नाही. त्याला सत्य कळलं होतं, तरीही निकाल उलटा लागला.

पिलात म्हटलं की त्याचे हात धुणं आठवतं. ते फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात वडीलधाऱ्यांनी हात धुण्याचा विधी सांगितलाय, पण तो मारेकरी सापडत नसेल तेव्हाचा. इथे तर हुकूम देणाराच हात धुतोय.

मला लूकने टिपलेली गोष्ट जास्त बोचते. या माणसात दोष नाही, असं पिलात पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याच दमात तोडगा काढतो : फटके मारून सोडून देतो. दोष नाही, तर फटके कशाचे? निर्दोषाला थोडी शिक्षा द्यायला जो तयार झाला, तो रेटा वाढला की पूर्ण शिक्षाही देतो. मग योहान सांगतो ती धमकी येते : याला सोडलंस तर तू कैसराचा मित्र नव्हेस. आपल्या भाषेत, 'प्रकरण वरपर्यंत नेऊ'. मार्क तर कारण उघडच सांगतो : लोकांना खूश करायचं होतं.

पालघरला हे ओळखीचं वाटावं. १७ नोव्हेंबर २०१२ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शटर खाली. हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा अर्थाचं एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं. मैत्रिणीने ते लाइक केलं. तक्रार झाली, जमाव जमला, लिहिणारीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला आणि अटक झाली या दोघींना. आयटी कायद्याचं कलम ६६अ लागलं. १५ हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या. गाव शांत राहावं म्हणून कुणाला तरी आत बसवायचं, हा तोडगा फटके मारून सोडण्याच्याच जातीचा. त्याने गाव शांतही झालं नाही. सरकारने दोन पोलीस अधिकारी निलंबित केले, तर त्या निलंबनाविरुद्ध २८ नोव्हेंबरला पालघर पुन्हा बंद. अखेर २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ६६अ हे कलमच रद्द केलं.

जमावाचा हा आवाज चर्चमध्येही ऐकू येतो. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये योहानाचं दुःखसहनाचं वाचन बहुधा वाटून होतं : येशूचे शब्द धर्मगुरूंकडे, निवेदन दुसऱ्याकडे आणि जमावाचे शब्द भाविकांकडे. तारापूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला बोईसरचा कामगारही मग बाकावरून सगळ्यांबरोबर म्हणतो, याला क्रूसावर खिळा. पिलाताची भूमिका एकालाच मिळते. जमावाची सगळ्यांना.

पुढच्या आठवड्यात : पौलाला तुरुंगातच ठेवून पदावरून गेलेला सुभेदार फेलिक्स.