माळवद गेलं, पत्रे आले

किल्लारीच्या भूकंपाने मराठवाड्याच्या डोक्यावरचं छप्पर बदललं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 10 हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. अख्खी 52 गावं जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली. वाचलेल्यांच्या मनात जड छपराची धास्ती बसली ती बसलीच. मजबूत घर मिळूनही अनेक जण अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये निजायचे. पडला तर पत्रा पडेल, जीव तरी वाचेल, हा हिशेब होता, आणि भूकंपापुरता तो बरोबरच होता.

पण माळवदाचं जे वजन भूकंपात जिवावर उठलं, तेच वजन वाऱ्याला दाद देत नव्हतं. पत्रा वाऱ्याला बळी पडतो. गेल्या तीस वर्षांचा मागोवा घेताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते: आपण जमिनीपासून बचावाचा विचार केला, आभाळाकडून येणाऱ्याचा केला नाही.

मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत नांदेड-लातूरकडे दुपार तापते, पारा चाळिशीपार जातो. समुद्रावरून आलेली ओलसर हवा त्या तापलेल्या जमिनीवरून वर उसळते आणि दुपार कलली की काळे ढग उभे राहतात, दहा-बारा किलोमीटर उंच. ढगातून पाऊस आणि गारा खाली येऊ लागल्या की त्या सोबतची हवाही ओढतात. थोडं पाणी वाटेतच वाफ होऊन जातं, त्यामुळे हवा आणखी गार आणि जड होते. ती जमिनीवर आदळते आणि चहूबाजूंना फाकते. पावसाआधी अचानक गार झुळूक येते, मागोमाग धुळीची भिंत दिसते, ती हीच. खेड्यात म्हणतात, ‘वावधान सुटलं’.

अमेरिकेत दरवर्षी हजाराहून अधिक टोर्नेडो होतात, त्यांची जात वेगळी. तिथे उंचीगणिक वाऱ्याची दिशा आणि वेग इतका बदलतो की ढगात वर चढणारी हवाच गरगरू लागते आणि तो भोवरा जमिनीला टेकतो. आपल्या उपखंडात बंगालच्या बाजूला असे भोवरे होतात. 26 एप्रिल 1989 ला बांगलादेशातल्या माणिकगंज भागात एकाच भोवऱ्याने सुमारे 1,300 बळी घेतले. मराठवाड्यात तशी जुळणी क्वचितच होते. जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी विमानातून पडलेली झाडं पाहून हा फरक ओळखला होता: भोवऱ्यात झाडं गुंता होऊन पडतात, वरून आदळलेल्या वाऱ्यात एका ठिकाणापासून बाहेरच्या दिशेने आडवी होतात.

भोवरा नसला तरी आपल्याकडचं वादळ कमी नाही. 2014 च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत थांबली नाही. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, वर मोसंबी आणि द्राक्षं, सगळं मातीत गेलं. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता नुकतीच लागली होती, त्यामुळे मदतीचीही परवानगी मागावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत राज्याने अवकाळी पाऊस आणि वीज पडणं यांना आपत्तीच्या यादीत घेतलं होतं. नंतर 2015, 2018, 2023 असं अवकाळी येतच राहिलं. 9 एप्रिल 2023 च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे मंदिरासमोरच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचं जुनं झाड कोसळलं आणि 7 भाविक दगावले. पावसापासून आडोसा म्हणूनच माणसं त्या शेडखाली थांबली होती.

पत्र्यासारखीच नांदेडकडच्या अर्धापूर-मुदखेडची केळीही वाऱ्यापुढे टिकत नाही. केळीचं खोड म्हणजे पानांच्या गुंडाळ्या, मुळं उथळ, वर घडाचं ओझं. दहा मिनिटांच्या वाऱ्यात बाग एका अंगाला झोपते. फळपीक विम्यात वेगवान वाऱ्याची भरपाई आहे, पण वारा मोजला जातो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. आणि हा वारा काही वेळा इतक्या अरुंद पट्ट्यात आदळतो की केंद्रावरच्या नोंदीत तो दिसतच नाही. शेतकऱ्याची आडवी झालेली बाग खरी की यंत्रातला आकडा, हा वाद मला अन्यायाचा वाटतो.

शेतातल्या आखाड्यावर, वस्तीवर पत्रे कसे बसवलेले असतात ते जवळून पाहावं. खाली लाकडाचे वासे किंवा अँगल, वर पत्रे, काही ठिकाणी खिळा, आणि बाकी सगळ्यावर दगड. वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड घरात निजलेल्या माणसावर येतो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. किल्लारीनंतर गवंड्यांना कोपऱ्यात सळई, भिंतीत आडवा पट्टा कसा घालायचा ते शिकवलं गेलं. पत्रे ठोकणाऱ्याला असं कुणी शिकवलं नाही. अँगलला हूक-बोल्ट आणि वॉशर, कडेच्या रांगेला जवळजवळ बोल्ट, कारण वारा कडेतूनच शिरतो, आणि वासे भिंतीला तारेने किंवा पट्टीने घट्ट. खर्च फार नाही. दगड मात्र पहिल्यांदा खाली उतरवावेत.

हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आता मोबाइलवर येतो, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप भोवतालच्या विजांची सूचना देतं. गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलोच. झाड, शेताच्या मधली झोपडी, उघडं शेड सोडून पक्क्या घरात जावं, खिडक्यांपासून लांब बसावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाला बांधलेली जनावरं ढग दाटायच्या आतच सोडून आणायची. वारा सुटल्यावर त्यांच्यासाठी धावायचं नाही.