हॅमस्टरचा पिंजरा आणि नळी

पाळीव हॅमस्टरांत सीरियन जात सर्वांत मोठी होय. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याची लांबी सुमारे १५ सें. मी. भरते. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळ एक मादी व तिची पिले बिळातून खणून काढविली. आजचे बहुतेक सर्व पाळीव सीरियन हॅमस्टर त्या पिलांचेच वंशज आहेत.

हा प्राणी गालांतील पिशव्यांत धान्य भरून बिळात नेतो. त्या वेळी त्याचे डोके बरेच रुंद होते. म्हणून लहान जातींसाठी केलेल्या अरुंद नळीत तो अडकण्याचा संभव असतो. नळीचा आतील व्यास निदान ७ सें. मी. असावा, ती आखूड असावी व तिला हवेसाठी छिद्रे असावीत. प्लॅस्टिकच्या बंद नळीत श्वासातील बाष्प व उष्णता कोंडून राहते. घाम गाळून अंग थंड करणे या प्राण्यास साधत नाही. रायपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. तेथे अशी नळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

पिंजऱ्याचा तळ निदान १०० सें. मी. लांब व ५० सें. मी. रुंद असावा. मजले वाढवून तळाची उणीव भरून निघत नाही, कारण हा प्राणी मुख्यतः खणणारा आहे. त्यासाठी तळाशी कागदाच्या कपट्यांचा जाड थर घालावा. हे प्राणी आपसांत भांडतात. म्हणून एका पिंजऱ्यात एकच ठेवावा. उन्हाळ्यात पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत असावा. गाल भरलेल्या हॅमस्टरला ज्या नळीतून सहज जाता येत नाही, ती काढून टाकावी.